अर्धा डोंगर तिकिटात

ग्लासगोला येऊन तिसरं वर्ष लागलं तरी माझा एकही मन्रो झालेला नाही, हे ऑफिसात डबा खाताना उघड झालं. इथं "किती झाले?" असं सहज विचारतात, आपल्याकडे "मुलं किती?" विचारतात तसं. मन्रो म्हणजे स्कॉटलंडमधला 3000 फुटांहून उंच डोंगर. सर ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थांनी 1891 साली अशा डोंगरांची यादी छापली. आज त्या यादीत 282 डोंगर आहेत आणि त्यापायी कित्येकांच्या रविवारची वाट लागलेली आहे. खुद्द मन्रोसाहेब 1919 मध्ये वारले, तेव्हा त्यांचीही यादी पुरी झालेली नव्हती. हे ऐकून मला फार धीर आला.

तरी उसनं अवसान आणून मी म्हणालो, "आमची कळसूबाई 1646 मीटर. तुमच्या सगळ्यात उंच बेन नेव्हिसपेक्षा 300 मीटर जास्त." समोरच्याने मोबाइलवर बघितलं आणि सँडविच चावत विचारलं, "तिथं शिड्या लावल्यात, हो ना?"

त्या संध्याकाळी मी नकाशा घेऊन घरी आलो.

जायचंच तर गाडीरस्ता पोचत नाही अशा डोंगरावर जायचं, असं मी ठरवलं. शोधता शोधता बेन ना लाप सापडला. नावावरून आलाप-विलापाच्या घराण्यातला वाटतो, पण स्वभावाने गरीब आहे म्हणतात. त्याच्या पायथ्याशी कोराउर नावाचं स्टेशन आहे. तिथं सार्वजनिक रस्ताच जात नाही, फक्त आगगाडी जाते. 1894 साली सुरू झालेली ही लाइन टाकताना रॅनक मूरच्या दलदलीवर झाडाच्या फांद्या, माती आणि राख अंथरली आणि त्यावर रूळ अक्षरशः तरंगत ठेवले. स्टेशन 408 मीटरवर, डोंगर साधारण 935.

"म्हणजे जवळजवळ अर्धा डोंगर तिकिटातच आला," बायको म्हणाली. तिला कुठल्याही गोष्टीतली सूट आधी दिसते.

ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा खात्याचा, तो नकाशा उलगडल्यावर कळलं की घरात तो मावेल अशी एकच जागा आहे, जेवणाचं टेबल. एकदा उलगडलेला हा नकाशा मूळ घड्यांवर परत आणणं माणसाच्या आवाक्यातलं नसल्यामुळे तो तिथंच राहिला. सहा आठवडे. पहिले दोन दिवस आम्ही ताटं जपून ठेवली. तिसऱ्या दिवशी लॉख ऑशियन नावाच्या तळ्याच्या पश्चिम टोकाला आमटी सांडली. मग माथ्याच्या खालच्या उतारावर वांग्याचा रस्सा आला, आणि एका रविवारी रेल्वेलाइनवर श्रीखंड. मी दर वेळी ओरडायचो. बायको म्हणायची, "तू नकाशा काढ, मी टेबल पुसते." तिथं विषय संपायचा.

सह्याद्रीत प्लॅनिंग असं काही मी कधी केलंच नव्हतं. पहाटेची लोकल, मग एसटी, आणि पायथ्याच्या गावात पोचलं की "मामा, गडावर वाट कुठनं?" एवढंच. मामा हात वर करून दाखवायचे, आपण चुकायचो, गुरं राखणारा एखादा पोरगा परत वाटेला लावायचा, आणि खाली आल्यावर कुणाच्या तरी ओटीवर पिठलं-भाकरी. इथं विचारायला हरणं आहेत.

म्हणून मी हिशेबाला लागलो. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक नियम घालून दिलाय: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. आमची जाऊन-येऊन दहाएक किलोमीटरची चाल आणि साडेपाचशेच्या आसपास चढ, म्हणजे तीन तास. सकाळची गाडी अकराच्या सुमारास सोडणार, परतीची संध्याकाळी सहानंतर. मध्ये सात तास.

"नेस्मिथ फोटो काढायला थांबायचा का?" बायकोने विचारलं.

"1892 साली?"

"आणि चहाला?"

मी दोन तास वाढवले. मग तिचा गुडघा अर्धा तास, माझं वजन अर्धा तास (हे तिने घातलं), दलदलीतून बूट उपसणं अर्धा तास. शेवटी उत्तर साडेसहा तास आलं आणि शेवटची गाडी चुकण्याचं भय वाटायला लागलं.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "वर देऊळ कुणाचं आहे?"

"देऊळ नाही गं. दगडांचा ढीग असतो."

"मग कशाला जाताय?"

सहा आठवड्यांत मला पडलेला हा सगळ्यात अवघड प्रश्न. मी रेंज नसल्याचं नाटक केलं.

पण खरा छळ हवामानाने केला. इथं डोंगरासाठी वेगळा अंदाज निघतो आणि तो पत्रिकेसारखा वाचावा लागतो. त्यात एक रकाना वाऱ्याचा तुमच्यावर काय परिणाम होईल याचा. दुसरा रकाना मन्रोंचे माथे ढगांबाहेर असण्याच्या शक्यतेचा, तोही टक्क्यांत. सोमवारी शनिवारचा अंदाज कळतच नाही, बुधवारी जरा आशा वाटते, आणि शुक्रवारी रात्री वीस टक्के. चार शनिवार आम्ही असे वीस टक्क्यांवर घालवले. शेजारच्या आजोबांना विचारलं, तर त्यांनी खिडकीबाहेर बघून "ड्रीख" एवढंच म्हटलं. या शब्दात राखाडी, ओलं, कुंद आणि उदास हे सगळं एका झटक्यात येतं. मग म्हणाले, "वीस टक्के चांगले आहेत की. आणि वारा नसेल त्या दिवशी तर जाऊच नका." वारा पडला की मिज नावाची चिलटं निघतात. डोळ्याला धड दिसत नाहीत, पण माणसाला नाचवतात. म्हणजे वारा असला तर पडायचं, नसला तर खाजवायचं.

सामान मात्र मी शास्त्रशुद्ध जमवलं. रेनकोट, त्याच्यावरची पॅन्ट, टॉर्च, होकायंत्र, शिट्टी. संकटात मिनिटाला सहा शिट्ट्या मारायच्या, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. बायको म्हणाली, "तीन झाल्या की मी गॅस बंद करते. सहा म्हणजे काय, राजमा?"

पाचव्या शुक्रवारी अंदाज चाळीस टक्क्यांवर गेला. आम्हाला दसरा आल्यासारखं झालं. रात्री थालीपीठं झाली, थर्मास भरले, दोनदा याद्या तपासल्या. पहाटे निघालो, ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनवर गाडी मिळाली, खिडकीही मिळाली. बाहेर तासाभरात घरं संपली, मग झाडं संपली, आणि रॅनक मूरचा तपकिरी पसारा सुरू झाला. पुढं डोंगरांना कमरेपर्यंत ढग. तेव्हा मी जरा रुबाबात बॅगेत हात घातला.

शिट्टी होती. होकायंत्र होतं. थालीपीठं, लोणचं, दोन टॉर्च, सगळं होतं.

"नकाशा?" बायकोने विचारलं.

मी काही बोललो नाही. आदल्या रात्री त्याच्यावरच तर जेवलो होतो.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग डोळे मिटून, बोटाने मांडीवर काहीतरी आखत म्हणाली, "श्रीखंडापाशी उतरायचं. तिथून सरळ आमटीपर्यंत. आमटीला डावीकडचा रस्ता धरायचा, आणि वांगं लागलं की चढ."