मुलांच्या शरीरात केमो ‘साचून राहते’ का?

पालकांमध्ये एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: केमो हे मोठ्यांचं औषध, मुलांना ते वजनाच्या हिशोबाने कमी करून देतात, मुलांचं यकृत आणि मूत्रपिंडं कच्ची, म्हणून औषध बाहेर पडत नाही, वर्षानुवर्षं साचतं, तेव्हा प्रत्येक फेरीनंतर अर्क आणि व्हिटॅमिनं देऊन शरीर ‘धुऊन’ काढा. यातला शेवटचा सल्ला सर्वांत घातक आहे.

आधी हिशोब. डोस बहुधा शरीराच्या पृष्ठफळावर ठरतो: उंची (सेंमी) गुणिले वजन (किलो), भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. ११० सेंमी, १९ किलोच्या मुलाचं पृष्ठफळ ०.७६ चौरस मीटर. १७० सेंमी, ६५ किलोच्या माणसाचं १.७५. वजनात हे मूल मोठ्याच्या २९ टक्के, पृष्ठफळात ४३. नुसतं वजन धरलं तर त्याला एक तृतीयांश औषध कमी पडेल आणि आजार उलटण्याचा धोका वाढेल. तान्ह्या बाळांत चूक उलट्या दिशेने होते: पृष्ठफळ धरलं तर औषध जास्त पडतं. वजनाच्या मानाने त्यांचं पृष्ठफळ फार मोठं असतं, म्हणून वर्षाखाली अनेक औषधं चौरस मीटरचा डोस ३० ने भागून किलोमागे देतात. पाठीतून दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट तर वयावर ठरतं, कारण मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी तिसऱ्या वर्षाच्या सुमारास जवळजवळ मोठ्यांइतकं होतं. रूढ तक्ता असा: वर्षाखाली ६ मिग्रॅ, एक वर्षाला ८, दोनला १०, तीनपासून १२.

‘कच्ची’ हे तान्ह्या बाळांपुरतं खरं आहे. पुढच्या वयात जास्त फरक पाडतात ती जनुकं. मर्कॅप्टोप्युरिन हे केमोचं औषध निष्प्रभ करणारं टीपीएमटी एन्झाइम ज्या मुलात जवळजवळ नसतं, त्याच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्या डोसने धोकादायक पातळीला जातात. त्याला सुमारे दहावा भाग, तोही आठवड्यातून तीनदा, पुरतो. आशियाई वंशाच्या मुलांत एनयूडीटी१५ या जनुकातला दोष अधिक आढळतो, तेव्हा दोन्ही चाचण्यांबद्दल विचाराच.

साचण्याचं म्हणाल तर बहुतेक औषधं काही तासांत किंवा दिवसांत निघून जातात. म्हणूनच केमोनंतर किमान ४८ तास डायपर बदलताना हातमोजे घालायला सांगतात. सिस्प्लॅटिनमधल्या प्लॅटिनमचा अंश मात्र वर्षांनंतरही रक्तात सापडतो, हे मान्य करायला हवं. डॉक्सोरुबिसिन निघून जातं, पण हृदयाच्या स्नायूला झालेली इजा उरते. तिच्यासाठी एकूण डोसची नोंद आणि नियमित इको (हृदयाची सोनोग्राफी) लागतात. कोणताही अर्क ती भरून काढत नाही.

आता ‘धुणं’. मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट मुख्यतः मूत्रपिंडांतून जातं आणि लघवी आम्लधर्मी झाली की त्याचे स्फटिक धरून मूत्रपिंडं बंद पडू शकतात. म्हणून सलाईनसोबत सोडिअम बायकार्बोनेट देऊन लघवीचा पीएच ७ किंवा वर ठेवतात, रक्तातली पातळी मोजतात आणि ठरल्या तासाला ल्युकोव्होरिन हा त्यावरचा उतारा सुरू करतात. घरून दिलेलं भरपूर व्हिटॅमिन सी लघवी आम्लधर्मी करू शकतं. फॉलिक अ‍ॅसिड असलेलं मल्टिव्हिटॅमिन औषधाच्या कामातच आडवं येऊ शकतं. आयबुप्रोफेन (वेदनाशामक), कोट्रायमोक्झाझोल (अँटिबायोटिक), ओमेप्राझोल (अ‍ॅसिडिटीवरचं औषध) यांनी मेथोट्रेक्सेट बाहेर पडणं मंदावतं. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं दुसरं औषध यकृतात मोडतं. व्होरिकोनॅझोल किंवा इट्राकोनॅझोल ही बुरशीवरची औषधं ते मोडणं अडवतात. मग तीव्र बद्धकोष्ठता, जबडा दुखणं, पाऊल लोंबणं ही लक्षणं दिसतात. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचा अर्क उलट यकृताची एन्झाइमं वाढवून औषधं वेळेआधी संपवू शकतो.

सायक्लोफॉस्फामाइड या केमोच्या औषधानंतर खरोखर काही धुवायचं असेल तर ते मूत्राशय, कारण त्यातून तयार होणारं अ‍ॅक्रोलिन तिथलं अस्तर जाळतं. सांगितलेलं पाणी पूर्ण द्या, लघवी तुंबू देऊ नका, रात्रीही उठवा. लघवी लालसर दिसली तर सकाळची वाट न पाहता वॉर्डला कळवा.