जेफरसनचा पक्ष आणि आजचा रिपब्लिकन पक्ष

'अमेरिकेच्या राज्यघटनेनेच दोन पक्ष ठरवून दिले आणि आजचा रिपब्लिकन पक्ष जेफरसनने काढला' असा मजकूर सध्या फॉरवर्ड होतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

1787 च्या घटनेत पक्षांचा उल्लेखच नाही. फूट पडली ती पैशांवरून. अर्थमंत्री हॅमिल्टनने राज्यांची युद्धकर्जे केंद्राच्या डोक्यावर घेतली, 1791 मध्ये राष्ट्रीय बँक उभी केली. परराष्ट्रमंत्री जेफरसन आणि संसद सदस्य मॅडिसन यांना ते पटलं नाही. मग वर्तमानपत्रांतून जुंपली. हॅमिल्टनच्या बाजूने संपादक फेनोचं वर्तमानपत्र होतंच. जेफरसनने कवी फ्रेनोला परराष्ट्र खात्यात वर्षाला 250 डॉलरवर अनुवादकाची नोकरी दिली आणि फ्रेनोने त्याच वर्षी सरकारवर तुटून पडणारं वर्तमानपत्र काढलं. म्हणजे मंत्र्याच्या खात्यातला पगारदार त्याच सरकारची सालं काढतोय! अध्यक्ष वॉशिंग्टन वैतागले नसते तरच नवल.

घटनेने पक्ष गृहीतच धरले नव्हते; सर्वाधिक मतं मिळवणारा अध्यक्ष आणि त्याच्या खालोखालचा उपाध्यक्ष, असा नियम होता. त्यामुळे 1796 मध्ये अध्यक्ष अ‍ॅडम्स एका गटाचे, उपाध्यक्ष जेफरसन दुसऱ्या गटाचे. 1800 मध्ये तर जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार अॅरन बर यांना प्रत्येकी 73 मतं पडली. प्रतिनिधीगृहात 36 वेळा मतदान झाल्यावर निकाल लागला. त्यानंतर अध्यक्ष आणि उपाध्यक्षासाठी वेगवेगळं मत देण्याची 1804 ची बारावी घटनादुरुस्ती आली.

जेफरसनचा पक्ष (डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन) 1820 च्या दशकात फुटला. त्यातल्या जॅक्सनच्या गटातून आजचा डेमोक्रॅटिक पक्ष निघाला. सध्याचा रिपब्लिकन पक्ष गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करत 1854 मध्ये स्थापन झाला. जेफरसन 1826 मध्येच वारला होता.