‘ग्रंथालय आवडतं का?’ हा प्रश्न मुलांना विचारणं आता थांबवूया

वर्ष संपत आलं की शाळेत एक छापील कागद फिरतो. ग्रंथालय आवडतं का? पुस्तकं पुरेशी आहेत का? ग्रंथपाल मदत करतात का? मुलं तिन्ही प्रश्नांपुढे ‘हो’ लिहितात, शिक्षक सही करतात आणि कागद फायलीत जातात. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते आणि माझं ठाम मत आहे की या कागदानं कुठलंही ग्रंथालय सुधारत नाही. वर नाव लिहायचं आणि आपले गुण ज्यांच्या हातात आहेत त्यांनाच कागद परत द्यायचा, तर ‘इथे मला कंटाळा येतो’ असं कोणतं मूल लिहील?

मुलांना मत विचारू नका, काय मिळालं नाही ते विचारा. मत देताना मूल आपला चेहरा बघून बोलतं. न मिळालेल्या पुस्तकाबद्दल मात्र ते अगदी खरं बोलतं.

त्यासाठी देवघेवीच्या टेबलावर एक साधी वही पुरते. कुणी काही मागितलं आणि ते देता आलं नाही, की तारीख, इयत्ता आणि मागणी लिहायची. मागणी मुलाच्याच शब्दांत लिहायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. ‘भुताची गोष्ट, पण शेवटी भीती न वाटणारी.’ ‘दादा वाचतो तसं जाड, पण सोपं.’ आपण घाईघाईत पहिल्यापुढे ‘भयकथा’ आणि दुसऱ्यापुढे ‘कादंबरी’ लिहिलं की मागणीतला जीवच गेला. जाड पण सोपं पुस्तक मागणाऱ्या मुलाला वाचायला अजून जड जातंय, आणि लहान मुलांचं पुस्तक हातात धरून वर्गात जायची त्याला लाज वाटते. विषय वयाला साजेसा आणि भाषा सोपी, अशी पुस्तकं हवीत हे त्यानं एका वाक्यात सांगितलंय. चौकटीत खूण करायच्या प्रश्नावलीतून हे कधीच कळलं नसतं.

लहान मुलांना तर प्रश्नावली देऊच नये. त्यांना एखादं काम द्यावं. ‘डायनासोरचं पुस्तक शोधून दाखव’ म्हणायचं आणि मदत न करता मागे उभं राहायचं. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या ड्युई वर्गीकरणात डायनासोर ५६७.९ ला असतात, जीवाश्मांच्या विभागात. पाली, मगरी, साप हे आजचे सरपटणारे प्राणी ५९७.९ ला. मूल प्राण्यांच्या कपाटापाशी जातं, तिथे डायनासोर नाहीत म्हणून परत फिरतं आणि ‘इथे नाहीये’ असं सांगतं. पुस्तक दोन हातांवर असतं! शिवाय ज्या वयात दशांश अपूर्णांक शिकवलेलेच नसतात, त्या वयात आपण दशांशाच्या पाट्या वाचायची अपेक्षा करतो. अशी पाच-सहा मुलं शांतपणे पाहिली की कुठे चित्राची पाटी हवी आणि कुठलं कपाट मुलांच्या उंचीला आणायला हवं, हे डोळ्यांनीच दिसतं. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. शाळेत मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं शोधण्यात गेली की ते मूल पुन्हा येईलच असं नाही.

आता देवघेवीच्या आकड्यांबद्दल. ‘कोणती पुस्तकं जातात ते रजिस्टर सांगतंच की’ असं बरेच जण म्हणतात. आकडे उपयोगी आहेतच. ग्रंथालयांच्या वापराचे अमेरिकन अभ्यासक रिचर्ड ट्रूझवेल यांनी १९६९ मध्ये दाखवलं होतं की सुमारे ८० टक्के देवघेव सुमारे २० टक्के पुस्तकांवरच होते. अमेरिकेतल्याच पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पुढच्या एका अभ्यासात नव्यानं घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. ती ग्रंथालयं मोठी, शाळेची नव्हेत, पण न हलणारी कपाटं आपल्याकडेही असतात. तरी फक्त रजिस्टर पाहून पुस्तकं बाद करू नका. नकाशासंग्रह, कोश, कोडी, चित्रांची मोठी पुस्तकं मुलं तिथेच बसून पाहतात, घरी नेत नाहीत. एक आठवडा ‘पुस्तक परत कपाटात ठेवू नका, टेबलावरच राहू द्या’ असं सांगा आणि रोज संध्याकाळी टेबलावरची पुस्तकं लिहून घ्या. रजिस्टरमध्ये निपचित पडलेली काही पुस्तकं रोज उघडली जातात, हे तेव्हा कळतं.

आणि जी मुलं येतच नाहीत त्यांचं काय? आपण दारात उभं राहून आत आलेल्यांनाच विचारतो, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. न येणाऱ्यांना त्यांच्या वर्गात जाऊन, निनावी चिठ्ठीवर एकच गोष्ट विचारावी: ‘तू ग्रंथालयात येत नाहीस, त्याचं कारण काय?’ कारणं बहुतेक वेळा पुस्तकांची नसतातच. वेळ जुळत नाही. मागे एक पुस्तक हरवलं, दंड राहिलाय, म्हणून तोंड दाखवायची भीती वाटते. दंडाच्या भीतीनं मूल पुस्तकापासून तुटत असेल तर तो नियम बदलावा, यावर मला चर्चासुद्धा नको आहे.

शिक्षकांकडून अभिप्राय घ्यायची वेळ साफ चुकते. वर्षअखेरीला ‘काय सुधारणा हवी’ विचारलं की ‘संदर्भग्रंथ वाढवा’ एवढंच येतं. तोच प्रश्न त्यांच्या नियोजनाच्या वेळी, नेमका विचारावा: पुढच्या महिन्यात कोणता घटक घेताय? पाठ्यपुस्तकात मुलं कुठे अडतात? त्यासाठी एकाच पुस्तकाच्या पाच प्रती हव्यात की पाच वेगळी पुस्तकं? मग उत्तरंही नेमकी येतात. विज्ञानाच्या शिक्षकांनी प्रकल्प द्यायच्या आठवडाभर आधी सांगितलं, तर एकाच पुस्तकामागे सगळा वर्ग धावत नाही.

कधीकधी मुलांचं आणि शिक्षकांचं म्हणणं उलटं असतं. शिक्षकांना शांतता हवी, मुलांना एकमेकांना दाखवत वाचायचं असतं. शिक्षकांना चित्रकथा म्हणजे वेळ घालवणं वाटतं, मुलं त्यासाठी रांग लावतात. बहुमतानं हे सोडवू नये. मी रंगनाथन यांच्या दुसऱ्या नियमाकडे बघते, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. त्या न्यायानं चित्रकथा राहणारच. शांततेसाठी एखादा कोपरा किंवा ठरावीक तासिका ठेवता येते.

आलेल्या प्रत्येक मागणीला सगळ्यांना दिसेल असं उत्तर द्यायलाच हवं. दाराशेजारी फळ्यावर मागणी आणि तिच्यापुढे निर्णय. मागणाऱ्याचं नाव कधीच लिहायचं नाही, कुणी काय वाचतं ही त्याची खासगी गोष्ट आहे. ‘मागवलं आहे.’ ‘या वर्षी निधी नाही, पुढच्या यादीत पहिलं.’ ‘घेणार नाही, कारण…’ आणि ते कारण खरंच लिहायचं. नकार मुलांना पचतो. सूचनापेटीत टाकलेली चिठ्ठी कुणी उघडलीच नाही, हे कळलं की मात्र ती पुन्हा लिहीत नाहीत.

तुमच्या शाळेत खरेदीची यादी कोण करतं? प्रकाशकांच्या सूचीवर खुणा करून ती तयार होत असेल, तर या वेळी त्या बैठकीला ती वही घेऊन जा आणि मोठ्या वर्गातली दोन मुलं सोबत न्या. त्यांना आधी बोलू द्या.