सुहासच्या खोल्या आणि पुलमनचं गाव

आमचा कट्टा म्हणजे बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची पायरी. साडेसातला चहा येतो, आठच्या आत भांडण लागतं. परवाचं निमित्त होतं सुहासच्या खोल्या. एमआयडीसीत त्याचं वर्कशॉप आहे. मागच्या मोकळ्या जागेत कामाच्या पोरांसाठी दहा खोल्या बांधायच्या आणि भाडं पगारातून कापायचं, असा बेत. "पोरं सुखात राहतील, वेळेवर कामाला येतील, माझे पैसेही फिटतील."

"पुलमन झालास की रे," शेखर म्हणाला.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून शेखर इतिहास वाचतो आणि वाचलेलं पोटात ठेवत नाही. जॉर्ज पुलमन म्हणजे रेल्वेचे झोपायचे ऐषारामी डबे बनवणारा अमेरिकन कारखानदार. 1880 साली त्यानं शिकागोच्या दक्षिणेला माळरानावर कारखाना काढला आणि त्याला लागून कामगारांसाठी अख्खं गाव बांधायला घेतलं. विटांची घरं, घरात नळ, गॅस, खाली गटारं.

"तेव्हाचं शिकागो कसं होतं, ऐका," शेखर रंगात आला. "गटार नदीत, नदी तळ्यात आणि प्यायचं पाणी त्याच तळ्यातलं! 1870 ला वस्ती तीन लाख, 1890 ला अकरा लाख. जर्मन, आयरिश, पोल, स्वीडिश, जो तो बोटीतून उतरला की आगगाडी धरून तिथं. मिळेल त्या कोंदट खोलीत दाटीवाटीनं राहायचं."

"मग पुलमननं पुण्यच केलं की!"

"पुण्य नाही, सहा टक्के. गावात घातलेल्या पैशावर तेवढा परतावा सुटलाच पाहिजे, हा त्याचा हिशोब. भाडी आसपासच्यापेक्षा वीस-पंचवीस टक्क्यांनी चढी. वाचनालयाला वर्गणी. चर्च बांधलं तेही भाड्यानं द्यायला, आणि भाडं एवढं की कितीतरी दिवस कुणी घेईना. दारू मिळायची ती फक्त हॉटेलात, साहेबलोकांना. मैलापाणीसुद्धा फुकट जाऊ दिलं नाही. पंपानं शेतावर नेलं, त्यावर भाजी पिकवली आणि विकली."

सुहासचे डोळे चमकले. "हे मात्र बेस्ट."

"घर विकत मिळायचं का?" मंगेशनं विचारलं. तो एसटीत होता, युनियनमध्ये होता, आणि असे प्रश्न तोच विचारतो.

"नाही. कुणालाच नाही. दहा दिवसांच्या नोटिशीत बाहेर काढायची सोय."

मग 1893 ची मंदी आली. डब्यांना गिऱ्हाईक नाही. पुलमननं मजुरी सरासरी चौथ्या हिश्शानं कापली. भाडं मात्र होतं तेवढंच.

"धंदा नसला की पगार कापावाच लागतो," सुहास उसळला. "मी लॉकडाउनमध्ये दुसरं काय केलं?"

"कापलास. पण घरभाडं तू घेत नव्हतास."

"भाडं वेगळं, कारखाना वेगळा. दोन स्वतंत्र धंदे!"

"पुलमन हेच म्हणायचा," शेखर म्हणाला. "आणि भागधारकांना आठ टक्के लाभांश चालूच होता."

जेनी कर्टिस नावाची शिवणकाम करणारी मुलगी तिथं होती. बाप त्याच कारखान्यात राबून वारला, मागे थकलेलं भाडं साठ डॉलर. ते कंपनीनं पोरीच्या मजुरीतून वसूल करायला घेतलं. आणखी एका कामगाराची गोष्ट तिथल्या पाद्र्यानं लिहून ठेवली आहे. भाडं वळतं करून त्याच्या हाती दोन सेंटचा चेक आला. गड्यानं तो वटवलाच नाही, फ्रेम करून ठेवला. आम्ही हसलो, सुहाससुद्धा. अशा गोष्टीवर हसू का येतं कुणास ठाऊक.

11 मे 1894 ला संप झाला. जूनच्या अखेरीस यूजीन डेब्सच्या रेल्वे युनियननं पुलमनच्या डब्यांवर बहिष्कार घातला आणि शिकागोपासून पश्चिमेपर्यंत गाड्या ठप्प. टपाल अडतंय म्हणून राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडनं फौज उतरवली. गोळीबार झाला, माणसं मेली, संप मोडला, डेब्स सहा महिने तुरुंगात.

"याला म्हणतात एकजूट," मंगेश म्हणाला.

शेखरनं त्याचीही हवा काढली. त्याच जूनमध्ये युनियनच्या अधिवेशनात काळ्या कामगारांना सभासद करावं का, यावर मतदान झालं होतं. अगदी थोडक्या मतांनी 'नको' ठरलं. पुलमनच्या डब्यांतले पोर्टर जवळजवळ सगळे काळे. प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारायचे, मालकाच्या नावानं.

"थोडक्या मतांनी," मंगेश पुटपुटला, आणि बराच वेळ काही बोलला नाही.

मी एरवी कट्ट्यावर ऐकण्याचं काम करतो. पण माझं लहानपण कंपनीच्या क्वार्टरमध्ये गेलंय. क्वार्टर चांगलं होतं, पाणी चोवीस तास. तरी आई भिंतीला खिळा ठोकू द्यायची नाही. बाबा फोरमनशी वाजवून घरी आले की तिचा पहिला प्रश्न असायचा, "क्वार्टरचं काही बोलले का?" हे सांगितलं तर सुहास म्हणाला, "अरे, पण चोवीस तास पाणी!" यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण ते पाणी मीही प्यायलोय. भाडेकरू चाळमालकाशी भांडतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. आमच्या बाबांना कुणाशीच भांडायची सोय नव्हती, एवढंच मला म्हणायचं होतं.

"पुढे काय झालं त्याचं?" चहावाल्या पोरानं विचारलं. तोही ऐकत होता.

1897 ला पुलमन मेला. कामगार थडगं उकरतील या धास्तीनं घरच्यांनी शवपेटीवर काँक्रीट ओतलं, वर रेल्वेचे रूळ टाकले आणि पुन्हा काँक्रीट. पुढच्या वर्षी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की डबे बनवणाऱ्या कंपनीला गाव बाळगण्याचा अधिकार नाही, विकून टाका.

सुहासनं कप खाली ठेवला. चांगला विचारात पडलेला दिसला.

"बरोबर आहे तुझं," तो शेखरला म्हणाला. "दहा दिवसांची नोटीस फारच कमी. मी महिन्याची ठेवीन."

शेखरनं आणखी एक कटिंग सांगितला. "हे बघ सुहास," तो म्हणाला, "1880 साली..."