बाबांना फिरवून आणलं

गेल्या वर्षी मी बाबांना परदेशी फिरवून आणलं. आल्यावर भेटेल त्याला हे इतक्यांदा ऐकवलं की शेवटी बाबाच म्हणाले, "म्हणजे मला काय पिशवीत घालून नेलं होतंस का?" सगळे हसले, मीही हसले. पण नंतर ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण खरं सांगायचं तर जवळजवळ तसंच नेलं होतं.

त्यांचा पासपोर्ट माझ्या पर्समध्ये, त्यांच्या गोळ्या माझ्या बॅगेत. व्हीलचेअर मी तिकीट काढतानाच सांगून ठेवलेली, त्यांना न विचारता. इमिग्रेशनच्या काचेमागच्या माणसाने त्यांना विचारलं, किती दिवस राहणार? बाबांनी तोंड उघडायच्या आत मी उत्तर देऊन मोकळी. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मी त्यांना विचारतोय." मग बाबांनी सांगितलं. व्यवस्थित, पूर्ण वाक्यात, वर आभारसुद्धा मानले. उभी नोकरी इंग्रजीत पत्रव्यवहार करण्यात गेलेला माणूस आहे तो, हे मला त्या काचेपाशी आठवलं.

सामानाच्या बाबतीत मात्र मी फार दक्ष. निदान माझी तशी समजूत होती. घरी काट्यावर तीनदा मोजलेली बॅग काउंटरवर 23 ऐवजी 26 किलो भरली. मग काय, रांगेतल्या लोकांच्या पायाशी फतकल मारून बॅग उघडली आणि उपसाउपशी सुरू. निघालं काय, तर बुटांचा चौथा जोड, केस वाळवायचं यंत्र (हॉटेलात भिंतीवर टांगलेलं होतंच) आणि ओळखीच्या एकांनी "जातेच आहेस तर एवढं पोचव" म्हणून दिलेलं, चिकटपट्टीने करकचून गुंडाळलेलं खोकं. आत काय आहे ते मी विचारलंही नव्हतं. विचारणं बरं दिसत नाही ना! आणि पाच मिनिटांपूर्वीच काउंटरवरच्या मुलीने विचारलं होतं, बॅग तुम्हीच भरली का? मी बेधडक हो म्हटलं होतं. ते खोकं तिथूनच परत पाठवलं. ते लोक अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, आणि माझी काही तक्रार नाही.

या सगळ्या गोंधळात बाबांनी बॅगेतून माझी पॉवर बँक काढून माझ्या हातात दिली. "ही वर ठेव. खाली बॅगांच्या ढिगात पेटली तर विझवायला कोण जाणार?" नियम मला कळला, कारण तो त्यांना माहीत होता.

नको ते सोबत नेण्यात आपण एकटे नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. 1845 मध्ये ब्रिटिश नौदलातला सर जॉन फ्रँकलिन दोन जहाजं आणि शंभरावर माणसं घेऊन उत्तर ध्रुवाकडच्या बर्फातून वाट शोधायला निघाला. त्या बर्फात शिरलेल्यांपैकी कोणीही जिवंत परतलं नाही. 1859 मध्ये शोध घेणाऱ्यांना किंग विल्यम बेटावर घसरगाडीवर चढवलेली एक होडी सापडली. आत दोन सांगाडे. आणि सामान? चांदीचे काटे-चमचे, रेशमी रुमाल, साबण, सपाता, कंगवे, पुस्तकं. खायला चहा आणि चॉकलेट तेवढं. मरायला टेकलेल्या माणसांनी चांदीचे चमचे बर्फावरून ओढत नेले. यावर मी पूर्वी हसले असते. पण रांगेत बसून बुटांचा चौथा जोड कुठे कोंबता येईल हे बघणाऱ्या बाईने हसू नये.

चमच्यांचं एक वेळ ठीक आहे, ते निर्जीव. "सोबत नेलेल्या" माणसांचं काय? कॅप्टन कुकच्या एंडेव्हर जहाजावर 1769 मध्ये ताहितीहून तुपाया नावाचा माणूस चढला. पुरोहित होता, दर्यावर्दी होता, कुठलं बेट कुठल्या दिशेला हे त्याला तोंडपाठ. त्याच्या माहितीवरून केलेला बेटांचा नकाशा आजही अभ्यासक उलगडत बसतात. न्यूझीलंडला पोचल्यावर तिथल्या माओरींशी बोलू शकला तो हाच. आणि त्याला सोबत घ्यायचा आग्रह धरणाऱ्या, जहाजावरच्या निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्सने आपल्या रोजनिशीत काय लिहावं? की शेजारीपाजारी वाघ-सिंह पाळतात, तर मी याला एक नवल म्हणून ठेवायला काय हरकत आहे! पुढच्याच वर्षी तुपाया बटाव्हियात (आजचं जकार्ता) आजाराने गेला. बँक्स सुखरूप घरी पोचला.

दर्यावर्दी मॅगेलनबरोबरचा एन्रिक तर गुलामच, मलाक्कात (आजच्या मलेशियात) हाती लागलेला. मालकाबरोबर तो युरोपात गेला आणि 1519 मध्ये स्पेनहून पश्चिमेकडे निघालेल्या ताफ्यात दुभाषा म्हणून होता. 1521 मध्ये फिलिपिन्सच्या बेटांवर तो मलायीत बोलला आणि समोरच्यांना कळलं. इतके महिने पश्चिमेला जात राहिलेला माणूस आपल्या भाषेच्या मुलखाशी परत येऊन पोचला होता, तेही उलट्या बाजूने! त्या क्षणी त्याला काय वाटलं ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. आपल्या मृत्यूनंतर एन्रिक मोकळा, असं मॅगेलनने मृत्युपत्रात लिहिलं होतं. मॅगेलन मेला, आणि उरलेल्या अधिकाऱ्यांनी एन्रिकला सोडायला नकार दिला. दुभाषा हातचा जाऊन कसं चालेल?

आता बाबांची तुलना मी एन्रिकशी करत नाहीये, कृपया खाली प्रतिक्रियांत तसं लिहू नका. पण "नेलं" आणि "फिरवून आणलं" ही क्रियापदं आपण आईवडिलांबद्दल फार सहज वापरतो. जबाबदारी घेतली की माणूस आपल्या यादीत जातो. पासपोर्ट, गोळ्या, चार्जर, बाबा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर बाबांचा पलंग रिकामा. फोन उशाशीच. मी तशीच घरच्या कपड्यांत खाली धावले. पाऊण तासाने ते समोरच्या रस्त्यावरून निवांत चालत आले. हॉटेलचं कार्ड खिशात होतं, घेतलेली वळणं हॉटेलच्याच कागदावर पेन्सिलीने काढलेली होती. "व्हीलचेअर फक्त विमानतळावर लागते मला," एवढंच म्हणाले. माझ्या ओरडण्यावर काही नाही.

आणि हो, जाताना सुरक्षा तपासणीत दोनदा शिट्टी वाजली ती त्यांच्या शर्टाच्या आतल्या खिशातल्या घराच्या किल्लीमुळे. घरात भाऊ होता, दार उघडायला माणूस होता. मी वैतागून विचारलं, "किल्ली कशाला आणलीत?" म्हणाले, "असू दे." बुटांच्या चौथ्या जोडाबद्दल त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

या वर्षी परत जायचंय. देश त्यांनी निवडलाय, मला नुसता कळवलाय. व्हिसाचा अर्ज स्वतः भरताहेत. काल बाहेरच्या खोलीतून हाक आली, "अगं, इथे सोबत प्रवास करणाऱ्यांची नावं विचारलीत. तुझं घालू ना?"