बंद पडलेला संगणक जतन झाला, असे म्हणता येईल का?

गेल्या महिन्यात कपाट आवरताना मला माझ्या विद्यार्थिदशेतल्या टिपणांची एक साडेतीन इंची फ्लॉपी सापडली. यूएसबीला जोडता येणारा ड्राइव्ह एका मित्राकडून मागून आणला आणि बराच वेळ घरघर करून का होईना, पण ती वाचली गेली. फाइल उघडली तेव्हा मात्र पडद्यावर रोमन अक्षरे, चौकोन आणि उद्गारचिन्हे यांचे नुसते गिचमीड उमटले. युनिकोड रुळण्यापूर्वी जवळपास प्रत्येक देवनागरी फॉन्टची अक्षरयोजना वेगळी असे, आणि ज्या फॉन्टमध्ये मी ती टिपणे लिहिली होती तो माझ्याकडे उरलेला नाही. फाइलमधला बाइट अन् बाइट शाबूत होता, तरी एक ओळ वाचण्याची सोय नव्हती.

संगणकाच्या इतिहासाची संग्रहालये आणि ऑनलाइन संग्रह यांविषयी बरेच दिवस मनात असलेले लिहायला या फ्लॉपीने भाग पाडले. तलवार, नाणे किंवा मूर्ती काचेच्या कपाटात ठेवली की तिचे जतन बहुतांशी साधते, पण संगणकाचे तसे नाही. तो ज्या कामासाठी बनला ते काम तो करत नसेल, तर आपल्या हाती त्याचे फक्त खोके उरते. म्हणून माझे मत असे की संगणक जतन करणे याचा अर्थ तो पुन्हा चालवता येण्याजोगा ठेवणे, आणि त्यासाठी यंत्राइतकेच, किंबहुना यंत्रापेक्षा अधिक, त्याचे कागद, त्याच्या आज्ञावल्या आणि तो हाताळणाऱ्यांचे ज्ञान सांभाळावे लागते.

कागदांचे महत्त्व दोन उदाहरणांनी लख्ख दिसते. चार्ल्स बॅबेज यांनी 'डिफरन्स इंजिन क्रमांक २' या गणनयंत्राची रेखाटने १८४० च्या दशकाच्या अखेरीस केली. यंत्र त्यांच्या हयातीत बनले नाही. रेखाटने मात्र टिकली, आणि त्यांच्या आधारे लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये, म्हणजे बॅबेज यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली त्या वर्षी, त्याचा गणनेचा भाग प्रत्यक्ष बनवून दाखवला. सुमारे चार हजार सुटे भाग, अडीच टनांहून अधिक वजन, आणि उत्तरे अचूक. नेमकी उलटी गोष्ट 'कोलोसस'ची. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सांकेतिक संदेश फोडण्यासाठी टॉमी फ्लॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेली ही यंत्रे युद्धानंतर बहुतेक मोडून टाकली गेली आणि १९६० मध्ये गुप्ततेच्या कारणास्तव त्यांचे आराखडेही जाळण्यात आले. टोनी सेल या अभियंत्याने १९९३ मध्ये ब्लेचली पार्क या इंग्लंडमधल्या युद्धकालीन संकेतभेद केंद्राच्या जागी कोलोससची पुनर्बांधणी हाती घेतली तेव्हा त्याच्यापाशी होती ती १९४५ मधली आठ छायाचित्रे आणि काही अभियंत्यांनी नियम मोडून जवळ ठेवलेले विद्युत्-मंडलांच्या आकृत्यांचे तुकडे. १९९६ मध्ये ते यंत्र सुरू झाले आणि ते पाहायला फ्लॉवर्स स्वतः हयात होते, याला मी निव्वळ नशीब म्हणतो. शंभर वर्षे अगोदरच्या यंत्रासाठी संपूर्ण रेखाटने मिळावीत आणि विसाव्या शतकातल्या यंत्रासाठी आठ छायाचित्रांवर भागवावे लागावे, यात काळाचा दोष नाही, निर्णयाचा आहे.

कोलोससच्या संदर्भात एक तपशील मला फार आवडतो. हजारो व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात इलेक्ट्रॉनिक नळ्या, एकत्र वापरल्या तर कुठली ना कुठली सतत जळत राहील, अशी त्या काळी तज्ज्ञांची धास्ती होती. फ्लॉवर्स टेलिफोन खात्यातले अभियंते; व्हॉल्व्ह प्रामुख्याने चालू-बंद करताना जातो, सतत चालू ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणून कोलोसस शक्यतो बंदच केले जात नसे. जुनी यंत्रे चालू ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्या माझ्यासारख्याला यात थोडा आनंद होतो, हे कबूल करतो.

अर्थात या आग्रहाला एक खरा आक्षेप आहे. यंत्र चालवले की झिजते, जळालेला भाग बदलावा लागतो, आणि असे बदलत बदलत शेवटी मूळ किती उरले, असा प्रश्न संग्रहालयाच्या रक्षकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे सर्वांत समंजस उत्तर मला हारवेल डेकाट्रॉन या संगणकात दिसते. ब्रिटनच्या अणुसंशोधन केंद्रात १९५१ मध्ये कामाला लागलेले हे अडीच टनी यंत्र १९५७ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या महाविद्यालयाला बक्षीस म्हणून मिळाले, १९७३ मध्ये बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात गेले आणि पुढे सुटे होऊन गोदामात पडून राहिले. एका छायाचित्रात त्याचे नियंत्रण-फलक एका जाणकाराच्या नजरेस योगायोगाने पडले, तिथून त्याचा माग लागला, आणि स्वयंसेवकांनी सुमारे तीन वर्षे खपून नोव्हेंबर २०१२ मध्ये ते ब्लेचलीच्या नॅशनल म्युझियम ऑफ कंप्युटिंगमध्ये पुन्हा सुरू केले. शक्य तिथे मूळचेच भाग स्वच्छ करून वापरायचे, हे धोरण त्यांनी कसोशीने पाळले.

हे यंत्र कमालीचे संथ आहे. दोन संख्यांचा गुणाकार करायला त्याला पाच ते दहा सेकंद लागतात. त्याच्या सेवाकाळात एका गणितज्ञाने हाताने चालवायचा कॅल्क्युलेटर घेऊन त्याच्याशी शर्यत लावली, सुमारे अर्धा तास बरोबरी केली आणि मग थकून नाद सोडला. यंत्र पुढे चालत राहिले. पण त्याचा संथपणाच शिकणाऱ्याच्या कामी येतो. डेकाट्रॉन ही वायू भरलेली नळी; तिच्या टोकाशी दहा बिंदूंच्या वर्तुळात एक नारिंगी ठिपका फिरतो आणि तो ज्या जागी थांबेल तो अंक नळीने धरून ठेवलेला असतो. म्हणजे स्मृतीत कोणती संख्या आहे ती चक्क डोळ्यांनी वाचता येते आणि बेरीज होताना ठिपके सरकताना दिसतात. मेमरी म्हणजे काय हे समजावण्यासाठी याहून चांगले साधन मला ठाऊक नाही, आणि ते बंद कपाटात ठेवले असते तर काचेच्या निर्जीव नळ्यांची एक रांग एवढेच ते राहिले असते.

कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू येथील कंप्युटर हिस्टरी म्युझियमने आयबीएम १४०१ चे दोन संच असेच जिवंत केले आहेत. १९५९ मध्ये बाजारात आलेले ते यंत्र चालवायला निवृत्त अभियंते स्वयंसेवक म्हणून येतात. मिनिटाला सहाशे ओळी छापणाऱ्या त्याच्या छपाई-यंत्राचा आवाज कोणत्याही माहितीफलकावर लिहून कळणार नाही. मला काळजी वाटते ती त्या यंत्रापेक्षा त्या माणसांची. पंच कार्ड, म्हणजे भोके पाडून माहिती नोंदवलेला पुठ्ठा, अडकल्यावर नेमके कुठे बोट घालायचे हे पुस्तकात नसते, आणि ते ज्यांना येते त्यांची पिढी आता संपत आली आहे. म्हणूनच हे संग्रहालय आणि मिनेसोटा विद्यापीठातली चार्ल्स बॅबेज इन्स्टिट्यूट यांनी जमवलेल्या प्रदीर्घ मुलाखती मला कुठल्याही दुर्मीळ यंत्राइतक्याच मोलाच्या वाटतात.

मात्र प्रत्येकाला प्रत्यक्ष संग्रहालयात जाणे शक्य नसते, आणि ऑनलाइन संग्रहांचे खरे काम इथेच सुरू होते. इंटरनेट आर्काइव्हवर आज जुन्या संगणकांच्या हजारो आज्ञावल्या ब्राउझरमध्येच चालवून पाहता येतात, कारण इम्युलेटर जुन्या यंत्राची नक्कल आपल्या यंत्रात करतो. मी तिथे १९७९ चे व्हिजिकॅल्क चालवून पाहिले. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल-२ या घरगुती संगणकासाठी केलेल्या या पहिल्या लोकप्रिय स्प्रेडशीटविषयी, म्हणजे आकडेमोडीच्या तक्त्याविषयी, मी पुष्कळ वाचले होते. तरी वर-खाली कसे जायचे तेच मला पहिली काही मिनिटे कळेना. ॲपल-२ च्या कळफलकावर डावा आणि उजवा असे दोनच बाण होते, त्यामुळे स्पेसबार दाबून त्या बाणांची दिशा आडवीची उभी करायची, अशी युक्ती कर्त्यांनी योजलेली होती. यंत्राच्या मर्यादेने आज्ञावलीला कसे वळण दिले ते मला तेव्हा उमगले, आणि ते माझ्या चुकत्या बोटांमुळे उमगले. ज्याला हे वाचूनही समजले असते त्याच्या बुद्धीला माझा नमस्कार.

सोर्स कोड, म्हणजे आज्ञावलीचा माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, प्रसिद्ध करण्याचे कामही असेच मोलाचे आहे. कंप्युटर हिस्टरी म्युझियमने संबंधित कंपन्यांच्या परवानगीने २०१० मध्ये मॅकपेंट या चित्रे काढण्याच्या आज्ञावलीचा, २०१३ मध्ये फोटोशॉपच्या पहिल्या आवृत्तीचा आणि २०१४ मध्ये एमएस-डॉस या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या कार्यप्रणालीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा कोड अभ्यासकांसाठी खुला केला. अपोलो यानांच्या मार्गदर्शक संगणकाचा कोड तर छापील कागदांवरून पुन्हा उतरवून ऑनलाइन ठेवला गेला आहे. त्यातल्या चंद्रावर उतरण्याच्या भागात एका ओळीशेजारी लिहिणाऱ्याने 'हे तात्पुरते आहे, अशी आशा, आशा, आशा' अशा अर्थाचा शेरा मारून ठेवला आहे. आज्ञावली लिहिणारा कोणीही हा शेरा वाचून हसेल, कारण आपण सगळेच असे तात्पुरते काही लिहितो आणि ते कायमचे राहते.

या सगळ्यात अडथळा येतो तो बहुतांशी कायद्याचा. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधल्या अभ्यासानुसार तिथे प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नाहीत. तरीही ग्रंथालयांना ते संशोधकांपर्यंत दूरस्थपणे पोहोचवण्याची सवलत तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये नाकारली. जी वस्तू मालक विकत नाही आणि ग्रंथालय देऊ शकत नाही ती जतन कोणासाठी करायची, हा माझा साधा प्रश्न आहे.

पैशाची बाजू त्याहून कठोर आहे. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी सिॲटलमध्ये उभारलेले लिव्हिंग कंप्युटर्स हे संग्रहालय २०१२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तिथली जुनी यंत्रे खरोखर चालत, अभ्यागताला त्यांवर बसू देत, आणि काही यंत्रांवर तर घरबसल्या लॉगइन करता येई. माझ्या कल्पनेतले आदर्श संग्रहालय ते हेच. ॲलन २०१८ मध्ये वारले, संग्रहालय २०२० मध्ये महासाथीत बंद झाले ते पुन्हा उघडलेच नाही, आणि २०२४ मध्ये त्यांच्या संग्रहातल्या वस्तूंचा क्रिस्टीजमार्फत लिलाव झाला. विकत घेणाऱ्याने आपल्या वस्तूचे काय करावे हा त्याचा अधिकार आहे, पण एकत्र चालणाऱ्या यंत्रांचा तो मेळ मोडला तो मोडलाच. ऑनलाइन संग्रहही यातून सुटलेले नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे इंटरनेट आर्काइव्ह अनेक दिवस बंद होते, आणि त्या दिवसांत तिथला मजकूर दुसरीकडे कुठे आहे हे शोधताना पुष्कळदा उत्तर 'कुठेच नाही' असे येत होते.

बीबीसीच्या डूम्सडे प्रकल्पाचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवत नाही. १०८६ सालच्या इंग्लंडच्या जमीनपाहणीच्या ग्रंथाला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये शाळकरी मुलांसह लाखो लोकांनी आपापल्या परिसराची माहिती गोळा केली आणि ती लेझरडिस्कवर साठवली. पंधरा-सोळा वर्षांत त्या चकत्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली, आणि २००२ च्या सुमारास संशोधकांना त्यासाठी मुद्दाम इम्युलेटर लिहावा लागला. नऊशे वर्षांचा कातडी पानांवरचा मूळ ग्रंथ दरम्यान आपल्या जागी वाचनीय होता.

माझ्या फ्लॉपीचे अजून मार्गी लागलेले नाही. फॉन्ट बदलून देणारी दोन-तीन रूपांतरके वापरून पाहिली, त्यांना ती अक्षरयोजना ओळखता आली नाही. अखेर त्याच टिपणांचा एक छापील कागद जुन्या वहीत सापडला. आता तो शेजारी ठेवून कोणत्या चिन्हाच्या जागी कोणते अक्षर बसते याचा तक्ता हाताने करतो आहे. काल रात्रीपर्यंत सगळे स्वर आणि 'क' ते 'म' ही व्यंजने लागली. जोडाक्षरे बाकी आहेत.