कोणता कॉम्प्युटर घेऊ, असं विचारणाऱ्या सगळ्यांसाठी

दिवाळीपासून आठवड्याला दोघं-तिघं तरी हाच प्रश्न घेऊन येतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या नेहमीच्या अपडेटची मुदत संपली आणि स्क्रीनवर सूचना यायला लागल्या, तेव्हापासून माणसं धास्तावली आहेत. ‘ताई, मशीन तर चांगलं चालतंय, पण विंडोज ११ घेत नाही म्हणतंय. टाकून द्यायचं का? सरळ मॅक घेऊ का? ते लिनक्स टाकून देतात म्हणे, ते जमेल का मला?’ प्रत्येकाला फोनवर पाऊण तास सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

मी बावीस वर्षं अक्षरजुळणी करते. पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. आमच्या घरात आणि ऑफिसात मिळून आज विंडोज, ॲपलचं मॅक आणि लिनक्स (विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट प्रणाली) अशी तिन्ही प्रकारची मशीन चालतात. त्यामुळे जे सांगतेय ते हाताखालून गेलेलं आहे. आणि माझं मत एकच आहे: मशीन निवडायच्या आधी आपला आजवरचा मजकूर कशात अडकलाय ते बघा. कंपनी, किंमत, स्क्रीन, सगळं त्याच्या नंतर.

हे मत कुठून आलं ते सांगते.

गेल्या जूनमध्ये एक बाई आल्या. हातात एक सीडी, जुन्या रुमालात गुंडाळलेली. त्यांचे वडील शिक्षक होते, निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या भागातले गड, घाटवाटा आणि गावं पायी फिरून पुस्तक लिहिलं. २००४ साली मीच ते लावलं होतं, माझ्या कामाच्या अगदी सुरुवातीला. गुरुजी आता नाहीत. बाई म्हणाल्या, ‘ताई, एकही प्रत शिल्लक नाही. वर्षश्राद्धाच्या आत दुसरी आवृत्ती काढायचीय. फाइल आहे, म्हणजे पटकन होईल ना?’

मी हो म्हणाले. सीडी उघडली, फाइल मिळाली, आणि स्क्रीनवर आलं काय, तर इंग्रजी अक्षरं, चौकोन आणि मधूनमधून डॉलरची चिन्हं. २१२ पानं तशीच.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं थांबते. त्या काळातले आपले बहुतेक मराठी फॉण्ट एक युक्ती करत. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजीच, फक्त दिसायला मराठी. तो फॉण्ट मशीनवर असेल तोवर सगळं ठीक, फॉण्ट गेला की मजकूरही गेला. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःची जागा देणारी जगभरची पद्धत. तिच्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा १९९१ पासून राखून ठेवलेल्या होत्या. विंडोज २००० मध्ये मंगल फॉण्टसकट त्याची सोयही आली. पुढच्या विंडोज एक्सपीत मात्र ती चालू करायला विंडोजची मूळ सीडी घालावी लागायची, आणि ती सीडी कुणाकडे नसायची. पण खरं कारण वेगळं होतं. आम्ही सगळे पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर काम करायचो. त्याची शेवटची आवृत्ती, ७, ही २००१ सालची, आणि तिला मराठी युनिकोड कळत नव्हतं. प्रेसवाल्याला पेजमेकरचीच फाइल हवी असायची. म्हणून योग्य रस्ता समोर असूनही पुढची दहा वर्षं आम्ही, आणि त्यात मीही, लोकांची पुस्तकं त्या बंद डब्यात टाकत राहिलो. गुरुजींचं पुस्तक त्यातलंच एक. मला त्याचं फार वाईट वाटलं. तो माणूस पाय झिजवून लिहून गेला, आणि त्याचे शब्द जपायचं काम ज्यांचं होतं त्यात मी होते.

फॉण्टचं ते सॉफ्टवेअर चालायला एक लॉक लागायचं, मशीनच्या मागे लावायचं डोंगल. माझं कधीच बंद पडलेलं. कंपनीला फोन केला, तर त्या आवृत्तीसाठी आता काही मिळत नाही म्हणाले. शेवटी एका जुन्या प्रेसमध्ये एक्सपीचं मशीन आणि चालू लॉक सापडलं. मालकांनी ते केवळ जुन्या गिऱ्हाइकांसाठी झाकून ठेवलं होतं. तिथे बसून फाइल उघडली, मजकूर काढला, कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला.

आणि मग खरं काम सुरू झालं. कन्व्हर्टरने सगळे अर्धे ‘र’ रफार करून टाकले होते. आमचं कऱ्हाड झालं ‘कर्हाड’. पायऱ्या झाल्या ‘पायर्या’. गुरुजींनी लिहिलं होतं ‘सह्याद्रीच्या दऱ्या’, त्याचं झालं ‘सह्याद्रीच्या दर्या’. दऱ्या म्हणजे काय आणि दर्या म्हणजे काय! हे एका फटक्यात शोधून बदलताही येत नाही, कारण ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘आचार्य’ तसेच राहायला हवेत आणि ‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्याने’ बदलायला हवेत. मशीनला ते कळत नाही, डोळ्यांनीच करावं लागतं. मूळ छापील प्रत एका वाचनालयातून मिळवली आणि ओळीला ओळ लावून नऊ दिवस वाचत बसले.

म्हणून सांगते, तुमच्याकडे अशी एकही फाइल असेल, संस्थेचं इतिवृत्त असो, वडिलांच्या कविता असोत, जमिनीच्या कागदांचे मसुदे असोत, तर जुनं मशीन भंगारात द्यायच्या आधी ती युनिकोडमध्ये आणून घ्या. ते झालं की तुम्ही मोकळे. मग विंडोज, मॅक, लिनक्स, काहीही घ्या, मजकूर उघडणारच.

मी हे करून पाहिलंय. गुरुजींच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण तिन्ही मशीनवर उघडलं. काना-मात्रेचा फरक नाही. फरक पडतो तो दिसण्यात. ‘ल’ आणि ‘श’ बघा. मराठीत आपण पाकळीचा ल आणि देठाचा श लिहितो, राज्य शासनाने २००९ च्या शासन निर्णयात तसंच ठरवून दिलंय. पण मशीनवर मिळणाऱ्या पुष्कळ फॉण्टमध्ये हिंदी वळणाचे ल-श असतात. चांगल्या फॉण्टमध्ये दोन्ही रूपं असतात, फक्त मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडावी लागते, आणि ते कुणी सांगतच नाही. मॅकमध्ये श्री देवनागरी ७१४ हा फॉण्ट आधीपासूनच असतो, तो पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला ‘मुक्त’ हा फॉण्ट तर कुणालाही फुकट घेता येतो, तिन्हीकडे चालतो. लहान संस्थांच्या अहवालांसाठी मी आता तोच वापरते.

कीबोर्डचंही असंच. इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड शिका, एवढा एक हट्ट मी करेन. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तो प्रमाण ठरवला आणि तिन्हीकडे तो आतच असतो, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. आमच्या अण्णांनी वयाच्या शहात्तराव्या वर्षी तो शिकून घेतला. जिल्हा परिषदेत त्यांनी तीस वर्षं मराठी टाइपरायटर बडवलेला. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण कागदावर ती आधी दिसते. इन्स्क्रिप्टमध्ये आपण उच्चारतो तसं, आधी अक्षर, मग वेलांटी. पहिला महिनाभर अण्णांची बोटं आधी वेलांटीकडेच धावायची. आता रोज सकाळी अर्धा तास आठवणी लिहितात.

अण्णांचं मशीन २०१३ चं आहे, चौथ्या पिढीचा आय-थ्री. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. म्हणजे हे बसणारच नाही. दुकानदार म्हणाला, नवीनच घ्या. मी घेतलं नाही. जुनी हार्डडिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी घातली, चार जीबी रॅम वाढवली आणि लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकलं. तीन हजारांच्या आसपास खर्च आला. यूट्यूबवर कीर्तनं, वर्तमानपत्रं, पेन्शनचे कागद बघणं, लिब्रेऑफिसमध्ये लिहिणं, एवढंच त्यांचं काम. ते सगळं होतं. फक्त प्रिंटरने रडवलं. घरी एक जुना लेझर प्रिंटर आहे, तो मिंटवर चालवायला दोन रविवार गेले. म्हणून लिनक्स टाकायच्या आधी पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा. काही न पुसता तसं चालतं. प्रिंटर, वायफाय, आवाज, कॅमेरा एकेक तपासा आणि मगच ठरवा.

ऑफिसातही माझ्याकडे एक लिनक्सचं मशीन आहे, आणि त्याचं काम एकच: बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह आधी तिथे लावायचा. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे सांगायला नको. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह देतं, उघडावा तर आत नुसते शॉर्टकट. बिचारं गिऱ्हाईक घाबरतं, ‘माझं सगळं गेलं का हो?’ गेलेलं नसतं. व्हायरसने खरे फोल्डर लपवलेले असतात आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट ठेवलेले असतात. त्यावर क्लिक केलं की तो तुमच्या मशीनमध्ये शिरतो. लिनक्सवर तो पेन ड्राइव्ह लावला की लपवलेले फोल्डर सरळ समोर दिसतात आणि व्हायरस तिथे चालतही नाही. अहवालाच्या हंगामात या एका मशीनने माझी कितीतरी कामं वाचवली आहेत.

मग सगळंच लिनक्सवर का नाही? कारण पोटाचं काम विंडोजवर आहे. इनडिझाइन आणि कोरल ड्रॉ ही आमची पानं लावायची सॉफ्टवेअर लिनक्ससाठी येत नाहीत. त्याच कामाचं स्क्राइबस आहे, २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या १.६ आवृत्तीत मराठी जोडाक्षरं नीट येतात, छोट्या पुस्तिकांना मी वापरलंय. पण प्रेसवाला रात्री नऊला फोन करून ‘ओपन फाइल पाठवा, दोन ओळी बदलायच्यात’ म्हणतो, तेव्हा त्याच्याकडे जे आहे त्यातलीच फाइल लागते. यजमान हिशेबाची कामं घेतात, टॅली विंडोजसाठीच आहे. डिजिटल सहीच्या टोकनचं सेटअप करून देणारा गावातला मुलगाही विंडोजच जाणतो. तुमच्या कामाचं मशीन असं ठरतं. आपण ज्यांच्याबरोबर काम करतो त्यांच्याकडे काय आहे, आणि अडलं तर अर्ध्या तासात येणारा माणूस कशातला जाणकार आहे, हे बघून. ऑफिससाठी मी विंडोज ११ चं नवं मशीन घेतलं आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. ज्यांना आत्ता खर्च झेपत नाही त्यांनी विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करावी. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, तेवढ्यात पैसे जमवता येतील.

मॅकबद्दल. माझी भाची पुण्यात आयफोनची ॲप लिहिते. त्यासाठी लागणारं एक्सकोड मॅकवरच चालतं, तेव्हा तिला पर्यायच नव्हता. तिची ॲपलच्या एम १ चिपची मॅकबुक एअर मी महिनाभर वापरली. पंखा नाही, आवाज नाही, दिवसभर चार्जर लागला नाही. मशीन म्हणून फार सुंदर. पण रॅम नंतर वाढवता येत नाही, जी घेतली ती शेवटपर्यंत, आणि जास्तीची घेताना किंमत उडी मारते. शिवाय नव्या चिपच्या मॅकवर आधीसारखं दुसऱ्या पार्टिशनवर विंडोज टाकता येत नाही. व्हिडिओचं, संगीताचं, ॲपचं काम असेल आणि पैसे असतील तर जरूर घ्या. ‘मुलगा अकरावीला गेला, म्हणून मॅक’ असं करू नका. त्याच पैशांत चांगला विंडोज लॅपटॉप येतो आणि वर इन्व्हर्टरचीही सोय होते. आमच्याकडे वीज अजून जाते.

एक शेवटचं, आणि हे मनापासून. दुकानात ‘ओरिजिनल नको ना?’ असं विचारतात, तेव्हा मान हलवू नका. चोरीच्या विंडोजवर मी सुरुवातीची सात वर्षं काम केलं. परवाना चुकवायला टाकलेल्या त्या क्रॅकबरोबर काय काय आत येतं ते आपल्याला कळत नाही, आणि एके दिवशी एका दिवाळी अंकाच्या फाइल छपाईच्या आदल्या रात्री उघडेनाशा झाल्या. पुन्हा लावायला चार जण रात्रभर बसलो. पैसे नसतील तर लिनक्स फुकट आहे आणि हक्काचं आहे, ते घ्या.

गुरुजींचं पुस्तक सप्टेंबरमध्ये छापून आलं. बाई पहिली प्रत घेऊन आल्या आणि नवव्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘बघा, कऱ्हाड नीट आलंय.’

ज्यांच्याकडे अशा जुन्या फाइल आहेत त्यांनी खाली लिहा. कुठला फॉण्ट, कुठलं सॉफ्टवेअर, साधारण किती पानं. एक पान मेसेजमध्ये पाठवलंत तर ते निघेल की नाही एवढं मी बघून सांगेन, त्याचे पैसे नाहीत. सीडी असेल तर मात्र लवकर करा. गेल्या महिन्यात माझ्याकडे आलेल्या पाचपैकी दोन उघडल्याच नाहीत.